शिडाचं पोट

माझ्या एका मित्राने तीन वर्षांपूर्वी मुंबईत जुनी शिडाची बोट घेतली. तीस फुटी, फायबरची. आत चार जणांच्या झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, डिझेल इंजिन. म्हणजे क्रूझर, प्रवासाची बोट. मांडव्याकडे जावं, नांगर टाकावा, भात-आमटी रांधावी, सकाळच्या मतलई वाऱ्यावर परतावं, यासाठी बांधलेली. दोन हंगाम त्याने तेच केलं. तिसऱ्या हंगामात क्लबच्या शर्यतीत उतरला आणि सगळ्यांच्या मागून आला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: "शिडं बदलतोय. कार्बनचा धागा असलेली. कोटेशन मागवलंय."

मी पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात राहतो. नोकरीची बरीचशी वर्षं पवना नदीपलीकडे चिंचवडच्या एका टूलरूममध्ये काढली. समुद्राशी माझं नातं या मित्रामुळे जुळलं. हंगामात महिन्यातून दोन रविवार मी त्याच्या बोटीवर दोऱ्या ओढायला जातो. त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते मात्र टूलरूममधलं होतं. जॉबचं माप बिघडलं की नवा ऑपरेटर पहिल्यांदा टूलचं कापणारं पातं, इन्सर्ट, बदलतो. मुरलेला माणूस आधी जॉब चकमध्ये नीट बसलाय का ते बघतो, स्पिंडलला डायल लावतो, स्लाइडमधला ढिलेपणा तपासतो, आणि मग टूलकडे वळतो. ढिल्या मशीनवर महागडं टूल लावलं तर टूलही जातं आणि जॉबही.

शर्यतीसाठी जुन्या क्रूझरची शिडं बदलावीत हे मला मान्य आहे. पण केव्हा, कोणती आणि कशासाठी, हा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. त्या उलट्या क्रमाची किंमत बोटीच्या मालकाच्या खिशापुरती राहत नाही. क्लबच्या शर्यतीचा हेतूच त्यात हरवतो, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

आधी शिडाबद्दल. वाऱ्याने फुगलेलं कापड बोटीला ढकलतं, हे वारा मागून असेपर्यंत खरं आहे. वाऱ्याच्या दिशेने वर चढायचं असेल तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि मग सगळं त्याच्या आकारावर येतं. हा आकार शिवणीतून येतो. शीड करणारा कापडाचे पट्टे सरळ कापत नाही. प्रत्येक पट्ट्याच्या कडेला थोडा बाक देतो. बाकदार कड शेजारच्या पट्ट्याला शिवली की सपाट कापडाला खोली येते. ब्लाउजला टक्स घालतात तेच तत्त्व. या खोलीला मी पोट म्हणतो. पोट किती खोल आहे आणि शिडाच्या पुढच्या काठापासून किती मागे आहे, या दोन मापांवर बोट वाऱ्याला किती जवळून धरेल ते ठरतं. पुढच्या शिडाचं, म्हणजे जिब किंवा जेनोआचं पोट पुढच्या काठापासून रुंदीच्या ३५ ते ४० टक्क्यांवर असावं. मुख्य शिडाचं, मेनसेलचं, थोडं मागे, ४५च्या आसपास.

शीड म्हातारं होतं म्हणजे हे पोट बिघडतं. क्रूझरची शिडं बहुधा डेक्रॉनची असतात. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टर, ज्याचा शोध १९४१मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला आणि ज्याने १९५०च्या दशकात सुती शिडांना बाजूला सारलं. हे विणलेलं कापड आहे. उभ्या आणि आडव्या धाग्याच्या रेषेत ते ताण सहन करतं, पण उरेब ओढलं की सैल पडतं. हे कुठल्याही शिंप्याला सांगावं लागत नाही. ही उरेब ताणाची खोड आवरायला कापडावर राळेचा थर चढवलेला असतो. शीड वाऱ्यात फडफडलं, कशीही घडी घातली, उन्हात पडून राहिलं, की हा थर तडकतो. मग प्रत्येक झोतात कापड थोडं ताणतं आणि पूर्ण मागे येत नाही. पोट खोल होतं आणि मागे सरकतं. अशी बोट वाऱ्यात जास्त कलते, सुकाणू जड लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती वाऱ्याला जवळून धरत नाही.

याचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा माझा मित्रही गप्प झाला. समजा दोन सागरी मैल थेट वाऱ्याच्या दिशेने वर जायचं आहे. बोट थेट जाऊ शकत नाही, नागमोडी जाते. चांगल्या शिडाची बोट वाऱ्याच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन धरत असेल तर तिला साधारण २.८३ मैल कापावे लागतात. सैल शिडाची बोट ५० अंशांवर चालत असेल तर ३.११ मैल. दोघींचा वेग ५ नॉट धरला तर पहिलीला ३४ मिनिटं लागतात, दुसरीला सव्वासदतीसच्या वर. फक्त पाच अंशांनी तीन मिनिटांहून जास्त गेली, आणि तीही दोन मैलांत. तेव्हा शिडाने काही फरक पडत नाही असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण शीड बोटीला तिच्या अंगच्या मर्यादेबाहेर नेत नाही. वजनदार बोट पाणी कापत चालते तेव्हा ती स्वतःच एक लाट उभी करते आणि वेग वाढेल तशी त्या लाटेच्या खोलगट भागात अडकते. हा वेग ठोकळमानाने काढायचा तर पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घ्यायचं आणि १.३४ने गुणायचं. पंचवीस फूट लांबी पाण्यात असेल तर ६.७ नॉट. कार्बन लावा, सोन्याची जर लावा, पोटात चार जणांची बिछायत असलेली बोट वाऱ्याच्या वरच्या दिशेला यापलीकडे फारशी जात नाही. नव्या शिडाचा फायदा मिळतो तो मंद वाऱ्यात आणि कोनात. हे दोन्ही फायदे बोटीच्या खालच्या अंगाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव आयते खाऊन टाकतात. मुंबई बंदराच्या कोमट पाण्यात नांगरलेल्या बोटीचं बूड किती लवकर खरबरीत होतं, हे एकदा पाण्यात उतरून हात फिरवला तरच कळतं. मी फिरवला आहे. हाताला ओरखडे आले.

म्हणून माझा क्रम असा. आधी बूड घासा. मग वजन उतरवा: नांगराची जादा साखळी, भरलेली टाकी, दोन हंगाम न उघडलेली कपाटं. इंजिनाचा पंखा मिटणारा नसेल तर तो पाण्यात किती ओढ धरतो याचा विचार करा. मग दोऱ्या. शीड वर खेचणारी हॅलयार्ड साध्या पॉलिस्टरची आणि जुनी असेल तर झोत आला की ती लांबते, पुढचा काठ सैल पडतो आणि पोट मागे सरकतं; म्हणजे म्हाताऱ्या शिडाचा रोग तुम्ही नव्या शिडाला पहिल्याच दिवशी लावलात. डायनिमाची, म्हणजे ताणाखाली फारशी न लांबणाऱ्या धाग्याची, दोरी घ्या, नव्या शिडाच्या तुलनेत ती स्वस्त आहे. मग शिडावर लोकरीचे तुकडे चिकटवा, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, आणि ते दोन्ही एकसारखे मागे वाहतील असं शीड धरायला शिका. हे सगळं झालं की शिडाच्या खालच्या काठाच्या मधोमध आडवं होऊन मोबाइलने वरच्या दिशेला फोटो काढा, त्यावर पट्टी ठेवा आणि पोट मोजा. ४० टक्क्यांवर असायला हवं ते ५०च्या वर गेलं असेल तर नवं शीड घ्या. ते तुमचं न्याय्य हत्यार आहे.

कोणतं घ्यावं, यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच आपण दुसऱ्यांच्या समुद्राचा सल्ला डोळे झाकून घेतो. मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत दिसतो तो थंड, ढगाळ, जोरकस वाऱ्याचा समुद्र. मुंबई बंदर तसं नाही. इथला हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यात आटोपतो. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, मग दुपार चढेपर्यंत जवळपास काहीच नाही, मग वायव्येकडून खारा वारा. त्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीचा फरक चार मीटरपर्यंत आणि कधी त्याहून जास्त जातो, त्यामुळे पाण्याला स्वतःची ओढ असते. वारा पडलेला आणि पाणी उलटं, अशा अर्ध्या तासात इथली शर्यत ठरते. इथे लागतं ते मंद वाऱ्यात चटकन आकार घेणारं हलकं पुढचं शीड. आणि इथलं ऊन! एकोणिसाव्या अक्षांशावरचं, खाऱ्या हवेतलं ऊन शिडाच्या धाग्याला जे करतं ते उत्तरेकडच्या समुद्रावर होत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांत कार्बनचे किंवा अरामिडचे धागे दाबून केलेली लॅमिनेट शिडं आकार धरतात हे खरं, पण घड्यांना आणि दमटपणाला ती नाजूक असतात. पापुद्रे सुटतात, आत बुरशी धरते. चार महिने पावसाळ्यात ती कुठे आणि कशी ठेवणार? वातानुकूलित कोठार असलेला माणूस माझा वाचक नाही. महिन्याला दोन शर्यती करणाऱ्या आणि त्याच शिडांवर मुलांना घेऊन मांडव्याला जाणाऱ्या माणसासाठी घट्ट विणीचं, चांगल्या प्रतीचं डेक्रॉन हेच शहाणपणाचं कापड आहे.

आकाराचंही तसंच. जेनोआ किती मोठं, हे डोलकाठी, डेक आणि पुढची तार यांच्यातल्या त्रिकोणाच्या पायाच्या टक्क्यांत सांगतात. मित्राला १५५ टक्क्यांचं हवं होतं. मोठं शीड म्हणजे जास्त वेग, ही समजूत. पण क्लबच्या शर्यतीत वेगवेगळ्या बोटी एकत्र धावतात आणि प्रत्येकीला तिच्या मापानुसार एक आकडा मिळतो. लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणायचं, येईल तो दुरुस्त वेळ. एक बोट १०० मिनिटांत आली आणि तिचा आकडा ०.९०० असेल, तर तिची ९० मिनिटं. दुसरी ९६ मिनिटांत आली पण आकडा ०.९५० असेल, तर ९१.२. मागून आलेली जिंकली. आता पहिलीने मोठं शीड लावलं आणि तिचा आकडा ०.९१० झाला, तर बरोबरी राखायलाच तिला मिनिटभर लवकर यावं लागेल. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचआरएफ पद्धतीत १५५ टक्क्यांपलीकडच्या जेनोआला सहसा दंड पडतो. मोठं शीड लोकांना वाटतं तितकं फुकट नसतं.

इथे माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा उभा राहतो आणि तो मी टाळणार नाही. हँडिकॅपच्या, म्हणजे असा आकडा लावण्याच्या, बहुतेक पद्धती शिडाचं माप घेतात, वय घेत नाहीत. शीड कालचं आहे की पंधरा वर्षांचं, हे आकड्यात येत नाही. म्हणजे मोठं शीड महाग पडतं, पण त्याच मापाचं नवं शीड हा सरळ नफा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने दर दोन हंगामांनी नवी शिडं घ्यावीत आणि जिंकत राहावं. नियम त्याला अडवत नाही. इतिहासही त्याच्या बाजूचा आहे. २२ ऑगस्ट १८५१ला 'अमेरिका' नावाची बोट इंग्लंडच्या 'आयल ऑफ वाइट' बेटाभोवती इंग्रजांच्या बोटींना मागे टाकून गेली, त्यामागे तिच्या अंगाच्या घडणीबरोबर तिची शिडंही होती. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची (लिननची), हातविणीची, सैल पोटाची. वारा त्यातून झिरपू नये म्हणून ते त्यांवर पाणी मारत. 'अमेरिके'ची शिडं यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची, सपाट आणि ताठ. त्या दिवसानंतर इंग्रजांनीही सुती शिडं स्वीकारली. शीड जिंकवतं, हे याहून स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही.

हे मान्य करूनच माझं पुढचं म्हणणं आहे. 'अमेरिका' ही जिंकण्यासाठी बांधलेली, समुद्र ओलांडून आव्हान द्यायला आलेली बोट होती. क्लबची रविवारची शर्यत वेगळ्या कामासाठी असते. ती माणसं घडवण्यासाठी असते. आकडा लावून वेळ दुरुस्त करायची ही सगळी खटपट मुळात कशासाठी? बोटीबोटींतला पैशाचा आणि लाकूड-लोखंडाचा फरक बाजूला सारावा आणि उरेल तो सुकाणूवरच्या माणसाचा फरक दिसावा, यासाठी. नव्या शिडांना तो आकडा निकामी करायला वाव दिला, तर आपण ज्या कारणासाठी आकडा आणला तेच कारण पुसून टाकतो. म्हणून क्लबने दोन गोष्टी कराव्यात असं मला मनापासून वाटतं. एक, क्रूझर बोटींचा वेगळा वर्ग ठेवावा, ज्यात स्पिनेकर (वारा मागून असताना फुगवायचं मोठं शीड) नाही, फक्त मुख्य आणि पुढचं शीड, आणि कापड विणलेलं डेक्रॉन. दोन, एका बोटीला तीन हंगामांत एकच नवं मुख्य आणि एकच नवं पुढचं शीड. एकाच नमुन्याच्या बोटींच्या अनेक संघटनांत वर्षाला किती शिडं घ्यायची यावर बंधन असतं. हे काही जगावेगळं मागणं नाही.

"पण मग प्रगती कशी होणार?" असं मला विचारतात. मी सुहेलीकडे बोट दाखवतो. ही बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत बांधली गेली, १९६४ अखेर पाण्यात उतरली. आपल्या सुतारांनी जुन्याच हत्यारांनी, हाताने घडवली. बोटीचा आराखडा तेव्हाच जुनाट मानला जात होता. तिचे मालक, इंग्लिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, यांच्याही मनात जगप्रदक्षिणेसाठी नवी, मोठी बोट बांधायची होती. पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून ते सुहेलीवरच निघाले. १४ जून १९६८ला फालमथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारा तो पहिला माणूस. न थांबता एकट्याने जग फिरायच्या त्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा हा एकच. त्यांच्याहून वेगवान बोटी त्या शर्यतीत होत्या. त्यांतले फ्रेंच खलाशी बर्नार्ड म्वातेसिए तर जिंकण्याच्या बेतात असताना स्पर्धा सोडून ताहितीकडे निघून गेले. तेव्हा सुहेली सगळ्यात वेगवान होती असा दावा मी करत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. तिथून पुढे पॅसिफिक, केप हॉर्न, अटलांटिक, हे सगळं नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतःच्या हाताने आणि शिडांचा तोल साधून पार केलं. शिडांचा तोल असा साधायचा की सुकाणूला हात न लावता बोट आपला रस्ता धरेल. हे ज्ञान कोणी डब्यात घालून विकत नाही. ते आपल्या जुन्या शिडांबरोबर वर्षानुवर्षं राहूनच येतं.

त्याच शर्यतीच्या आठवणीत आता नवी गोल्डन ग्लोब भरते, आणि तिचा नियमच जुन्या धर्तीच्या, लांब कण्याच्या, ३२ ते ३६ फुटी बोटींचा आहे. २०२२च्या शर्यतीत सोळा जण निघाले, मूळ वर्गात तिघेच पोचले. दुसरे आले ते आपले अभिलाष टॉमी, रस्टलर ३६ नावाच्या, मुळात प्रवासासाठी आखलेल्या बोटीवर, २३६ दिवसांनी. त्याआधी २००९-१०मध्ये दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय. आणि ती बोट गोव्यात दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. या गोष्टी मी अभिमान मिरवायला लिहीत नाही. आपल्याकडे बोट बांधायची आणि शीड हाकायची क्षमता आहे, एवढंच यातून दिसतं. नाही ती मधली पायरी. गोदी आहे, नौदल आहे, दोन-चार असामान्य माणसं आहेत. आणि रविवारी आपल्या जुन्या बोटीवर शिकणारा, चुकणारा, पुन्हा येणारा साधा माणूस जवळपास नाही.

आपल्या पाण्याला साजेशी बोट ठरवण्याचा विचार आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर गुराबा आणि गलबतं फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम बांध्याची असावीत असं सांगतो. वाऱ्याशिवाय हलू न शकणाऱ्या अवजड जहाजांवर खर्च करण्यात त्याला अर्थ वाटत नाही. किनारा कसला, खाड्या कशा, वारा कुठल्या वेळी कुठून, शत्रू कोण, हे आधी ठरवून त्याला साजेसं जहाज. मोठ्याचा मोह नाही. पुढे शतकानुशतकं आपल्या तांडेलांच्या हाताला हे ज्ञान होतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मचव्यांवर इंजिनं आली, ती यायलाच हवी होती. कोळ्याच्या पोटाचा प्रश्न होता आणि त्याला वाऱ्याच्या लहरीवर ठेवणं क्रूर झालं असतं. पण इंजिनाबरोबर शीड कापणारा, शिवणारा, त्याचं पोट हाताने चाचपून सांगणारा माणूस गेला. आज माझ्या मित्राला शीड हवं असेल तर तो परदेशातली कंपनी शोधतो. जगातल्या सर्वांत मोठ्या शीड कंपन्यांपैकी एकीचा कारखाना तर आपल्या शेजारी, श्रीलंकेत चालतो.

हे मला झोंबतं, कारण मी चिंचवडच्या शेजारी राहतो. पवना ओलांडली की पलीकडच्या एमआयडीसीत गरवारे टेक्निकल फायबर्स आहे, पूर्वीची गरवारे-वॉल रोप्स, १९७६ची. तिथल्या आणि वाईच्या कारखान्यांतली जाळी आणि दोर नॉर्वेपासून चिलीपर्यंतच्या समुद्रांत सामन माशांच्या पिंजऱ्यांना लागतात. म्हणजे खारं पाणी, ऊन आणि ताण यांना टिकणारा धागा कसा करायचा, हे ज्ञान थेरगावच्या डांगे चौकापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. इचलकरंजी आणि भिवंडीत माग आहेत. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये कापड किंवा पत्रा संगणकाने सांगितलेल्या रेषेवर मिलिमीटरच्या अंशापर्यंत कापणारी यंत्रं आहेत. शिडाचे पट्टे कापायला याहून वेगळं काही लागत नाही. लागतं ते शीड मागणारं गिऱ्हाईक, आणि ते क्लबच्या शर्यतीतूनच तयार होतं. शर्यत फक्त परदेशी लॅमिनेट घेऊ शकणाऱ्यांची राहिली तर गिऱ्हाईकं वीस-पंचवीसच राहतील आणि त्यांच्यासाठी इथे कोणी शिवणयंत्र मांडणार नाही. साध्या डेक्रॉनचा वर्ग असेल, शंभर-दोनशे बोटी असतील, तर इथे कोणाला तरी ते धंद्याचं वाटेल.

थेरगावात महापालिकेने पवनेकाठी बोट क्लब केला आहे. केजूदेवीचा बंधारा, बाग, संध्याकाळी फिरायला येणारी कुटुंबं. नावात क्लब आहे आणि बोटही आहे. पण उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीची गादी पसरते, आणि बंधाऱ्याखाली फेस तरंगल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो. तिथे शीड चालवा असं मी म्हणत नाही. पात्र अरुंद आहे, दोन्ही काठांच्या इमारतींनी वारा तुटतो. पण याच थेरगावात दिलीप वेंगसरकरांची क्रिकेट अकादमी उभी राहिली आणि तिथे घडलेला ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळला. जवळच दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, सीएमईत, लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. तिथे सराव करून नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळने रिओ ऑलिंपिक गाठलं आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलेल्या चौघांत तो होता. एनडीएचे कॅडेट खडकवासल्याच्या पाण्यावर शीड हाताळायला शिकतात. म्हणजे पाणीही आहे आणि धडाही आहे. या तिन्ही ठिकाणी सामान्य घरातलं पोरगं आत आलं ते कुणीतरी दार उघडं ठेवलं म्हणून. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि भारताने त्यात सुवर्ण मिळवलं. त्या दिवसानंतर पवना धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या मुलांसाठी दहा लहान शिडाच्या होड्या ठेवाव्यात, असं कुणाला का वाटलं नाही, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळतो. मोठ्या बोटीचा मालक होणं सगळ्यांना परवडणार नाही. पण त्या मालकांना दोऱ्या ओढायला माणसं लागतात, आणि ती माणसं अशाच पाण्यावर तयार होतात. मी पन्नाशीनंतर शिकलो. दहाव्या वर्षी शिकलो असतो तर वाऱ्याचा झोत पाण्यावर काळा पट्टा होऊन येतो तो मला आत्ता दिसतो त्याच्या अर्धा मिनिट आधी दिसला असता.

मित्राने त्या वेळी कोटेशन बाजूला ठेवलं. ऑक्टोबरात बोट किनाऱ्याला होती तेव्हा आम्ही चौघांनी बूड घासलं, साठ किलो साखळी उतरवली, हॅलयार्ड बदलल्या, जुन्याच जेनोआवर लोकर चिकटवली. त्या हंगामात तो शेवटून वर सरकत मधल्या बोटींत आला, आणि तेव्हा कुठे शिडाचं खरं दुखणं उघडं पडलं: मंद वाऱ्यात आम्ही बरोबरीने चालायचो, वारा दहा नॉटच्या वर गेला की कोन हरवायचा. फोटोवर पट्टी ठेवली. पोट ५१ टक्क्यांवर. मग त्याने डेक्रॉनचं, १३५ टक्क्यांचं शीड मागवलं. जुनं शीड टाकून देणार होता. मी ते गाडीत घालून थेरगावला आणलं.

गेल्या रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर ते पसरलं. टाकीच्या पायापासून जिन्याच्या दारापर्यंत पुरून उरलं. खालच्या मजल्यावरची मुलं वर आली आणि अनवाणी त्यावर बसली. मी ब्लेडने एक शिवण उसवली, पट्टा सुटा केला, सपाट ठेवला, दोन टोकांना दोरा ताणला आणि दोऱ्यापासून कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजत गेलो. टोकाला शून्य, मग चार मिलिमीटर, नऊ, चौदा, पुन्हा नऊ. एका मुलीने विचारलं, "काका, वाकडं का कापलंय?" मी तिच्या हातात पट्टी दिली आणि दुसरी शिवण उसवायला घेतली.